गोणी कुठल्या तारखेला उतरली आणि कुठल्या मातीत पडली? मलावीच्या खत अनुदानाचा हिशेब

तुमचा प्रश्न दोन भागांचा आहे. आफ्रिकेतली सरकारं अल्पभूधारकांना खत-बियाण्यावर अनुदान देतात, त्यातून घरात खरंच जास्त धान्य येतं का, की पैसा मधल्या मध्ये जिरतो, हा पहिला भाग. तुमची संस्था मलावीत काम सुरू करणार आहे, तर या सरकारी योजनेच्या जोडीनं काय करण्यासारखं आहे, हा दुसरा. शिवाय ‘म्हणजे आपल्या युरियासारखंच ना?’ असंही तुम्ही विचारलंय. मी कृषिविद्येची माणूस. मध्य मलावीत, लिलाँग्वे आणि कासुंगू भागात मक्याच्या शेतांवर बरीच वर्षं काम केलं, म्हणून मलावीलाच धरून उत्तर देते. या विषयावर आफ्रिकेत कुठंही वाद निघाला तरी मलावीचं नाव आधी येतं.

पहिल्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकते. धान्य येतं. पण किती येतं हे गोण्यांच्या संख्येवर ठरत नाही. गोणी डेपोत कुठल्या तारखेला उतरली आणि ज्या शेतात पडली त्या मातीत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून येणारा कस, किती शिल्लक होता, यावर ते ठरतं. मलावी सरकारनं वीस वर्षं गोण्या मोजल्या, मदत देणाऱ्या परदेशी दात्यांनी गोण्या मोजल्या, निवडणुकीच्या सभांत गोण्या मोजल्या गेल्या. तारीख आणि माती यांचा हिशेब कुणी नीट ठेवला नाही. माझी तक्रार तेवढीच आहे. योजनाच बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही.

आता युरियाचं. आपल्याकडे ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, ती कुणालाही मिळते. सरकार फरकाची रक्कम कंपनीला देतं, शेतकरी पॉस मशिनवर अंगठा लावतो आणि गोणी घेऊन जातो. दोन एकरवाल्याला आणि वीस एकरवाल्याला भाव एकच. मलावीत तसं नाही. तिथे खताचा बाजारभाव मोकळा आहे आणि स्वस्त खत यादीत नाव असलेल्या कुटुंबालाच मिळतं, तेही ठरावीकच: एक गोणी २३:२१:० (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) अधिक गंधक, एक गोणी युरिया आणि मक्याचं थोडं बियाणं. म्हणजे आपला प्रश्न ‘जास्त वापर’ हा आहे आणि त्यांचा ‘यादीत कोण’ हा. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात युरियासोबत नको ती बाटली गळ्यात मारतात, त्या लिंकिंगची चिडचिड तिथल्या शेतकऱ्याला माहीत नाही. त्याला माहीत आहे ती यादीतून नाव गळण्याची भीती. दोन्हींची तुलना करताना हे विसरलं की पुढचं सगळं चुकतं.

मलावीचा शेतकरी कसा जगतो हे थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय दोन गोण्यांचं मोल कळत नाही. देश चहूबाजूंनी जमिनीनं वेढलेला. खत येतं ते मोझांबिकच्या बैरा किंवा नकाला बंदरातून, नाहीतर टांझानियाच्या दार-ए-सलामहून, आणि ट्रकभाड्यानं तिथेच महाग होतं. पाऊस वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत. बहुतेकांकडे अडीच एकराच्या आतच जमीन, दक्षिणेत तर एकरभरही नाही. बैल फार थोड्यांकडे; वरंबे कुदळीनं ओढतात, माणसं ओढतात, आणि त्यात बायकांचे हात जास्त. खाणं म्हणजे न्सिमा, मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा. तो पोटात गेला नाही तर बाकी कितीही खाल्लं तरी माणूस जेवलो म्हणत नाही. माणशी वर्षाला साधारण १३० किलो मका धरा, पाच जणांच्या घराला साडेसहाशे किलो.

बहुतेक घरांची कणगी डिसेंबर-जानेवारीत रिकामी होते. नवी कणसं मार्चमध्ये हाताशी येतात. मधले महिने टंचाईचे, आणि नेमकी तीच पेरणी-खुरपणीची वेळ. घरात पीठ नसलं की नवरा-बायको दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारीला जातात. या मजुरीला तिथे ‘गान्यू’ म्हणतात. मोबदला बऱ्याचदा बादलीभर मका. स्वतःच्या शेतात टोकण करायच्या आठवड्यात माणूस दुसऱ्याच्या वरंब्यावर राबतो, स्वतःची पेरणी दोन-तीन आठवडे लांबते, उतारा घटतो, पुढच्या डिसेंबरात कणगी आणखी लवकर रिकामी होते. अनुदानाकडे मी या चक्राला पाचर मारण्याचं साधन म्हणून पाहते. राष्ट्रीय उत्पादनाचे लाखो टन वगैरे नंतरची गोष्ट.

आता इतिहास, पण भरभर. १९९८ पासून दोन हंगाम सरकारनं ‘स्टार्टर पॅक’ दिलं: सुमारे २८ लाख कुटुंबांना, म्हणजे जवळपास सगळ्यांनाच, १५ किलो खत, दोन किलो मक्याचं बियाणं आणि थोडं कडधान्याचं बियाणं, दहा गुंठ्यांपुरतं. माझ्या मते आजवरची ही सगळ्यात विचारपूर्वक आखलेली योजना होती. यादीचा घोळ नव्हता, पॅक लहान असल्यामुळे विकून टाकण्यात फार अर्थ नव्हता, आणि त्यात कडधान्य होतं. दात्यांना ती ‘परावलंबी करणारी’ वाटली. पॅक गरिबांपुरतं मर्यादित करून आकसत नेलं. त्यातच २००१-०२ ला पीक कमी आलं, राखीव धान्यसाठा त्याआधीच विकून टाकलेला होता, आणि माणसं उपासमारीनं मेली. ज्या घरांत मी पुढे काम केलं, तिथे त्या वर्षाबद्दल बोलताना माणसं आवाज खाली आणायची.

२००४-०५ चा दुष्काळ त्याहून मोठा. मक्याचं पीक १२ लाख टनांच्या आसपास आलं, गरज होती २० लाखांहून जास्त. सुमारे पन्नास लाख लोकांना मदतीच्या धान्यावर काढावं लागलं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष बिंगू मुथारिका यांच्या सरकारनं दात्यांचा विरोध बाजूला ठेवून स्वतःच्या तिजोरीतून कुपनांवर खत द्यायचं ठरवलं. पहिल्या वर्षी ५० किलोची गोणी ९५० क्वाचांना (क्वाचा हे मलावीचं चलन), बाजारभावाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात. पाऊसही चांगला झाला. २००६ ला सरकारी आकड्यांनुसार २५-२६ लाख टन, २००७ ला ३२ लाखांच्या वर. मलावीनं झिम्बाब्वेला मका विकला. काल नाही म्हणणारे ब्रिटनसारखे दाते पुढच्याच हंगामात योजनेत आले.

इथे एक सावधगिरी हवी. २००८ मध्ये, कागदावर भरपूर मका असताना, बाजारात भाव भडकले आणि सरकारला मक्याच्या व्यापारावर निर्बंध आणावे लागले. गोदामं भरलेली असती तर असं झालं नसतं. पीक वाढलं होतं याबद्दल मला शंका नाही, पण सरकारी आकडा फुगलेला होता, हे मका-बाजार पाहणाऱ्या बहुतेकांचं मत आहे आणि माझंही. तुम्हाला कुणी मलावीच्या ‘चमत्काराचे’ आलेख दाखवले तर त्याच वर्षांचे बाजारभाव शेजारी ठेवून पाहा. टंचाईच्या महिन्यांत बादलीभर मक्याचा भाव काय होता यावरून गरिबाच्या पोटात काय गेलं ते जास्त खरं कळतं.

दोन गोण्यांत काय असतं ते मोजू. २३:२१:० च्या गोणीत साडेअकरा किलो नत्र, युरियाच्या गोणीत तेवीस किलो, मिळून साडेचौतीस. एकरभर मक्याला हे शिफारशीच्या जवळपास आहे. आता खरा प्रश्न: एक किलो नत्रामागे जादा मका किती मिळतो? चांगली जमीन, वेळेवर टोकण, वेळेवर खुरपणी असेल तर २५ किलोपर्यंत. म्हणजे दोन गोण्यांतून साडेआठशे किलो, पाच जणांचं वर्ष निघून वर थोडा उरतो. पण शेतकऱ्यांच्या प्रत्यक्ष शेतांवर मोजलं तर हा आकडा बऱ्याचदा दहाच्या आसपास निघतो, कधी त्याच्याही खाली. दहा धरलं तर साडेतीनशे किलो, जेमतेम सहा महिने. खत तेच, कुपन तेच, सरकारचा खर्च तोच. परदेशातून आणलेल्या खताचा पूर्ण बाजारभाव धरला तर पहिल्या घरात योजना किफायतशीर आहे, आणि दुसऱ्या घरात खर्च निघतो की नाही हे त्या वर्षीच्या मक्याच्या भावावर आहे. अर्थतज्ज्ञांचे अनुदानावरचे अर्धे वाद हे मुळात या एका आकड्यावरचे वाद आहेत.

उत्तर दहाच का येतं? माती. पिढ्यान्‌पिढ्या मक्यावर मका, पालापाचोळा जाळलेला किंवा जनावरांनी खाल्लेला, शेणखत जवळपास नाही कारण गुरंच कमी. कासुंगूकडच्या हलक्या वालुकामय जमिनीत मूठभर माती उचलली की ती बोटांतून साखरेसारखी सुटते. ढेकूळच बनत नाही. अशा मातीत युरिया टाकला की पहिल्या मोठ्या पावसाबरोबर तो खाली झिरपून जातो. काही शेतं आम्लधर्मी झालेली, तिथे स्फुरद मुळांना लागूच होत नाही. चुना द्यायला हवा, पण चुना कुपनात नाही. शिफारस मात्र देशभर एकच. दक्षिणेच्या शिरे खोऱ्यातल्या काळ्या गाळाच्या जमिनीला आणि कासुंगूच्या वाळूला त्याच दोन गोण्या. तंबाखूच्या मळ्यांनी दमवलेल्या जमिनीत तीन-तीन वर्षं कुपनाचं खत टाकूनही पिवळाच राहिलेला मका मी पाहिला आहे, आणि त्याच वाडीत घरामागच्या परसात, जिथे राख आणि चुलीतलं-खुराड्यातलं सगळं पडतं, तिथे अर्ध्या खतात डोक्यावर गेलेला. शेतकरीण हे जाणून असते. ती अनुदानाचं खत आधी परसातल्या मक्याला देते आणि उरलं तर लांबच्या शेताला. अधिकारी याला ‘शिफारस न पाळणं’ म्हणतात. मला तर त्या बाईचा हिशेब शिफारशीपेक्षा पक्का वाटतो.

तारखेबद्दल जास्त लिहिते, कारण यात दोष कुणाचा आहे ते दिसतं आणि सुधारता येतं. पहिला हप्ता टोकणीबरोबर किंवा फार तर आठवडाभरात द्यायचा, युरियाचं वरखत उगवणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी. म्हणजे पहिली गोणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरात हवी. त्यासाठी ती ऑक्टोबरात डेपोत हवी, त्यासाठी ऑगस्टमध्ये बंदरात, त्यासाठी निविदा एप्रिल-मेमध्ये निघायला हवी. प्रत्यक्षात अंदाजपत्रकाचे वाद, परकीय चलनाची टंचाई, पुरवठादारांची थकलेली बिलं यात निविदा लांबते. युरिया फेब्रुवारीत पोचल्याची वर्षं आहेत. तोवर मक्याला तुरा आलेला असतो. २०२२-२३ मध्ये रशियातल्या एका खत कंपनीनं दान दिलेलं २० हजार टन खत युरोपातल्या बंदरांवर अडकून, मग संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या जहाजानं बैरामार्गे आलं. लिलाँग्वेत ते सरकारच्या हवाली झालं मार्च २०२३ मध्ये. त्या हंगामाच्या मक्याला त्याचा उपयोग उरला नव्हता.

डेपोवर एक दिवस घालवाल तेव्हा पाहा. २०२० मध्ये, तेव्हाच्या नव्या सरकारच्या ‘ॲफोर्डेबल इनपुट्स प्रोग्राम’ या खत-बियाणं योजनेत, कागदी कुपन गेलं आणि राष्ट्रीय ओळखपत्र आलं. विक्रेत्याच्या हातातल्या यंत्रावर कार्ड टेकवायचं, नाव आलं की स्वतःचा हिस्सा भरायचा, गोणी घ्यायची. कल्पना चांगली आहे, बोगस कुपनांचा बाजार त्यानं कमी झाला. पण नेटवर्क गेलं की सगळी रांग थांबते. बाया पहाटेच्या काळोखात दहा-बारा किलोमीटर चालत आलेल्या, पाठीवर पोर, रांगेत आपल्या जागी दगड ठेवून आंब्याच्या सावलीला बसलेल्या. संध्याकाळी विक्रेता सांगतो, उद्या या. काही जणी तिथेच उघड्यावर झोपतात. दुसऱ्या दिवशी यंत्र चालतं पण युरिया संपलेला असतो, फक्त २३:२१ शिल्लक. मग पुन्हा एक फेरी, आणि या प्रत्येक फेरीत शेतातला एक दिवस जातो. अनुदानाच्या खर्चात हे दिवस कुठल्याच अहवालात धरलेले नसतात.

यादीचा प्रश्न मी वेगळ्या नजरेनं पाहते. सुरुवातीला सरकारनं साधारण निम्म्या ग्रामीण कुटुंबांना कुपनं दिली आणि निवड गावपातळीवर, प्रमुखाच्या सल्ल्यानं होऊ दिली. निकष होता ‘गरीब, पण खत वापरू शकणारा’. ज्या वाडीत सगळ्यांकडेच एक-दीड एकर आणि सगळ्यांचीच कणगी जानेवारीत रिकामी, तिथे यातून माणसं निवडायची कशी? लोक सभेत सरळ सांगतात की आम्ही सगळेच गरीब आहोत. पाहण्यांत आढळलं आहे की प्रमुखाच्या नात्यातल्यांना आणि थोड्या बऱ्या स्थितीतल्यांना कुपनं जास्त मिळाली. एकट्या बायकांची घरं मागे पडली. ते खरं आहे आणि त्यावर बोलायलाच हवं. पण त्याचबरोबर असंही होतं की गोणी घरी आली की अंगणात फोडतात आणि यादीत नसलेल्या भावाला, विधवा नणंदेला ताटलीनं मापून वाटा देतात. बाहेरचे मूल्यमापक याची नोंद ‘गळती’ म्हणून करतात. त्या ताटलीला मी गळती म्हणणार नाही. ज्या गावात पुढच्या वर्षी यादीत कोण असेल याची खात्री नाही, तिथे आज दिलेला वाटा हीच उद्याची हमी असते. आणि शेतीच्या अंगानंही यात मोठं नुकसान नाही: पंचवीस किलो खत दोन शेतांत जाऊन मक्याच्या प्रत्येक ठोंबाजवळ बाटलीच्या झाकणानं मोजून पडलं, तर किलोमागे मिळणारा मका बऱ्याचदा वाढतो. खरी गळती वरच्या टप्प्यावर होते, गोदामातून ट्रक परस्पर वळतो तिथे.

त्या वरच्या टप्प्याचं एक जगजाहीर उदाहरण सांगते. २०२२ मध्ये खत खरेदी करणाऱ्या सरकारी संस्थेनं ब्रिटनमधल्या एका मांसविक्रीच्या कंपनीला खतासाठी सुमारे ७५ कोटी क्वाचा आगाऊ दिले. खत आलं नाही. ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लाझारस चकवेरा यांनी कृषिमंत्र्यांना पदावरून काढलं. ही रक्कम योजनेच्या एकूण खर्चापुढे लहान आहे, पण पेरणीच्या तोंडावर गेलेले ते आठवडे लहान नव्हते.

अनुदानामुळे लोक स्वतः विकत घेत होते ते खत घ्यायचं सोडतात का? थोडं सोडतात. रिकर-गिल्बर्ट, जेन आणि चिरवा यांनी मलावीचे आकडे तपासून २०११ मध्ये दाखवलं की अनुदानाच्या दर किलोमागे बाजारातली खरेदी सुमारे २२० ग्रॅमनं घटते. म्हणजे शंभर किलो वाटले तर शेतात जादा पडतं अठ्ठ्याहत्तर. ही किंमत मी मान्य करते. जो आधी विकत घेऊ शकत होता त्यालाच कुपन मिळालं की घट वाढते, खरोखर गरिबाला मिळालं की कमी होते. त्यामुळे यादीचा प्रश्न नुसता न्यायाचा उरत नाही, तो पैशाचाही होतो.

खर्चाचा भार मात्र भयंकर आहे. २००८ ला जगात खताचे भाव उसळले तेव्हा या एका योजनेनं देशाच्या अंदाजपत्रकाचा सोळा टक्क्यांच्या आसपास हिस्सा खाल्ला. शेतकऱ्याचा हिस्सा मात्र २००९ च्या निवडणुकीच्या आसपास कमी कमी होत ५०० क्वाचांवर आला होता. मुथारिका प्रचंड बहुमतानं परत आले. कृषी खात्याचा बहुतेक पैसा खतात गेला की विस्तारसेवेला (शेतकऱ्यापर्यंत सल्ला पोचवण्याला), संशोधनाला, पाटबंधाऱ्यांना उरतं काय? एका विस्तार कार्यकर्त्यामागे दोन-तीन हजार कुटुंबं आहेत. त्याच्याकडे बऱ्याचदा मोटारसायकलला पेट्रोल नसतं. २०२० ला लाभार्थी एकदम ३७-३८ लाख कुटुंबांवर नेले, गोणी ४,४९५ क्वाचांना. मग २०२१-२२ मध्ये पुन्हा खताचे भाव भडकले, क्वाचा घसरत गेला, आणि २०२२-२३ ला यादी २५ लाखांवर, त्यापुढच्या हंगामाला १५ लाखांवर आली. हिस्सा १५ हजार क्वाचा झाला. ज्यांची नावं गळली त्यांना कुणी कारण सांगितलं नाही. त्यातच मार्च २०२३ चं फ्रेडी चक्रीवादळ आणि २०२३-२४ चा एल निन्योचा दुष्काळ. मार्च २०२४ मध्ये २८ पैकी २३ जिल्हे आपत्तिग्रस्त जाहीर करावे लागले. पाऊसच नसेल तर गोणी काय करणार? ती शेतकऱ्याच्या कर्जात तेवढी भर घालते.

बाकी देशांचं थोडक्यात. झांबियानं २०१५ ला तेरा जिल्ह्यांत लवचिक ई-व्हाउचर आणलं, शेतकऱ्यानं त्यातून खत घ्यावं, कोंबड्या घ्याव्यात, जाळी घ्यावी. दिशा बरोबर होती. २०१७-१८ ला एकदम देशभर केलं, पैसे कार्डावर वेळेवर पडले नाहीत, आणि पुष्कळ जिल्हे परत जुन्या पद्धतीवर गेले. नायजेरियात २०१२ पासून कृषिमंत्री अकिनवुमी अडेसिना यांनी मोबाइलवर संदेश पाठवून अर्ध्या किमतीत दोन गोण्या द्यायला सुरुवात केली, त्यानं सरकारी खरेदीतले दलाल हटले. मोझांबिकच्या मनिका प्रांतातला प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे शेतकऱ्यांना फक्त एका हंगामापुरतं व्हाउचर दिलं, सोडत काढून. अनुदान संपल्यावरही पुढच्या हंगामांत ते शेतकरी जास्त खत वापरत राहिले, आणि त्यांच्या ओळखीतल्या, व्हाउचर न मिळालेल्या शेतकऱ्यांचाही वापर वाढला. ‘एकदा दिलं की कायमचं द्यावं लागतं’ हे वाक्य तुम्हाला सतत ऐकायला मिळेल. मनिकाचं उदाहरण हाताशी ठेवा. अर्थात तिथल्या मातीत खतानं पीक खरंच वाढत होतं म्हणून लोकांनी ते पुढे स्वतःच्या पैशानं घेतलं.

आता तुमच्या संस्थेनं काय करावं. खत वाटू नका. सरकार वाटतंच आहे, आणि तुमच्या शंभर-दोनशे गोण्यांनी गावात नवी भांडणं लागतील. मातीवर काम करा, आणि ते करायचा तिथला सगळ्यात चांगला रस्ता तुमच्या ओळखीच्या पिकातून जातो: तुरीतून. उत्तर मलावीत एक्वेंडेनी इथल्या मिशन रुग्णालयाच्या परिसरात २००० पासून कुपोषणावरचं काम आणि कडधान्याचं काम एकत्र सुरू झालं. मृदाशास्त्रज्ञ सिग्लिंड स्नॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या शेतांवर दाखवलं की एक वर्ष तूर आणि भुईमूग एकत्र घेतला, पाला जमिनीत गाडला आणि पुढच्या वर्षी मका लावला, तर निम्म्या खतात जवळपास पूर्ण खताइतका मका येतो. भुईमूग आधी निघतो, तूर संथ वाढते, दोघांची भांडणं होत नाहीत. मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे आंतरपीक समजावून सांगावं लागणार नाही. तुमच्याकडे अशी माणसं असतील तर त्यांना घेऊन जा. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचं कामही लिलाँग्वेजवळच्या चितेझे केंद्रात आहे, बियाण्यासाठी त्यांच्याशी बोला.

तीन अडचणी आधीच सांगते. पहिली शेळ्या: मध्य मलावीत मका निघाला की जनावरं मोकळी सोडतात आणि तूर तेव्हा शेतात हिरवी उभी असते. दक्षिणेत तूर टिकली यामागे जनावरं बांधण्याची रीत हेही एक कारण आहे. गावप्रमुखांकडून शेळ्या बांधण्याचा ठराव होत नसेल त्या गावात लवकर येणारे वाण द्या, नाहीतर सोयाबीन-भुईमूग घ्या. दुसरी बियाणं: सरकारी पॅकेटमध्ये कडधान्याचं बियाणं कधी असतं, कधी नसतं, आणि असलं तरी उशिरा येतं. गावातच बियाणं पिकवून साठवणारे गट तयार करा, ऑक्टोबरात बियाणं घराघरांत पोचलेलं असू द्या.

तिसरी बाजार, आणि इथे आपला थेट संबंध आहे. मलावीची तूर प्रामुख्यानं भारतात येते. लिंबे-ब्लॅन्टायरच्या डाळमिलवाल्यांत भारतीय वंशाचे पुष्कळ. २०१६-१७ ला महाराष्ट्रात तुरीचं विक्रमी पीक आलं, हमीभाव केंद्रांवर पोती ठेवायला जागा उरली नाही, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं तूर आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्यासाठी ते गरजेचं होतं. पण त्यामुळे मलावी आणि मोझांबिकमध्ये तुरीचे भाव कोसळले, आणि वर्षानुवर्षं ज्यांना ‘तूर लावा, जमीन सुधारेल, पैसाही मिळेल’ असं सांगितलं होतं त्या बाया पुढच्या हंगामात परत नुसत्या मक्यावर गेल्या. मातीसाठी केलेलं काम एका अधिसूचनेनं मागे पडलं. २०२१ मध्ये भारतानं मलावीशी पाच वर्षांसाठी दरसाल ५० हजार टन तुरीचा करार केला, त्यानं थोडी खात्री आली. तरी तुम्ही नुसत्या निर्यातीच्या भरवशावर तूर वाढवू नका. गावात दळून खायची, मुलांच्या लापशीत घालायची सवय लागेल असं पाहा. एक्वेंडेनीला हे काम टिकलं ते स्वयंपाकघरापर्यंत गेलं म्हणून.

मक्याच्या बियाण्याबद्दलही बायकांना विचारा. त्यांना टणक दाण्याचा मका हवा असतो, कारण उखळात कांडल्यावर त्याचं पांढरं पीठ जास्त पडतं आणि सोंडे कमी लागतात. जास्त उत्पन्न देणारं पण मऊ दाण्याचं संकरित वाण अनुदानात मिळालं तर ते विकायला वापरतात, खायला नाही. १९९० मध्ये एमएच १७ आणि एमएच १८ ही टणक दाण्याकडे झुकणारी संकरित वाणं आली तेव्हा कुठे अल्पभूधारकांनी संकरित मक्याकडे वळायला सुरुवात केली.

आणि पहिल्या हंगामापासून एक वही ठेवा: तुमच्या प्रत्येक गावात पहिली गोणी कुठल्या तारखेला घरात आली, युरिया कुठल्या तारखेला, टोकण कधी झाली, किती दिवस डेपोवर गेले, आणि मार्चमध्ये किती कणसं निघाली. सरकारकडे, दात्यांकडे गोण्यांचे आकडे आहेत. हे आकडे कुणाकडे नाहीत. जिल्हा कृषी कार्यालयात दरवर्षी निविदा निघायच्या आधी ती वही घेऊन जा आणि तुमच्या गावातल्या दोन शेतकरणींना सोबत न्या. बोलू त्यांनाच द्या.